दुर्वांचे तोतये

इतिहासाच्या तासाला तोतयाची गोष्ट ऐकली असेल तुम्ही. 1761 साली पानिपतावर सदाशिवरावभाऊ गेले, आणि पुढे काही वर्षांनी एक माणूस "मीच भाऊ" म्हणत उभा राहिला. भलीभली माणसं चक्रावली. भाऊंना जवळून ओळखणाऱ्यांना बोलवा, खाणाखुणा तपासा, प्रश्न विचारा, असं सगळं झालं आणि शेवटी तो तोतया ठरला.

गवताच्या जगात असे तोतये पैशाला पासरी आहेत. आणि सगळ्यांत जास्त तोतये कोणाचे, ठाऊक आहे? आपल्या दुर्वांचे! ते पकडायला इतिहासाचं पुस्तक नको, एक भिंग पुरे. मी राहते माबेल्यात, त्यामुळे आजची शोधमोहीम इथलीच.

माबेला म्हणजे ओमानमध्ये, मस्कतच्या पश्चिमेला, सीबच्या हद्दीतली वस्ती. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला दगडगोट्यांचा माळ आणि त्याच्या मागे हजर पर्वताच्या तपकिरी, उघड्याबोडक्या रांगा. इंडियन स्कूल अल माबेलातल्या मुलांना हे काही सांगायला नको, पण महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी सांगते: महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, मस्कतकडे साधारण शंभर. तोही एकदोन दिवसांत धोधो कोसळतो, वाद्यांना पूर येतो आणि मग महिनोन्‌महिने आकाश कोरडं. (वादी म्हणजे इथली कोरडी नदी. पाऊस आला की तिच्या पात्रात गाडी घालायची नाही, हे इथलं लहान मूलसुद्धा जाणतं.)

"मग तिथे गवत कुठलं आलं, काकू?" असं पुण्याहून आलेला प्रत्येक पाहुणा विचारतो. तर इकडे बघा. इमारतीच्या मागच्या भिंतीला एसीचे पाइप आहेत ना? उन्हाळ्यात दिवसरात्र त्यांतून थेंब थेंब पाणी गळतं. त्या थेंबाखाली हातभर जागेत हिरवळ असते, आणि त्या हातभर जागेत चार चार जातींची गवतं गुण्यागोविंदाने नांदत असतात. खजुराच्या झाडांच्या आळ्यांत, मशिदीच्या नळापाशी, बागेच्या कडेला, वादीच्या काठी, सगळीकडे गवतं आहेत. फक्त बघायला खाली वाकावं लागतं.

गणपती आले की मग मोहिमेला रंग चढतो. आमच्या बिल्डिंगमधली पोरं दुर्वा शोधायला धावतात आणि मूठभर हिरवं घेऊन दारात उभी. "काकू, एकवीस झाल्या!" मी वर्तमानपत्र पसरते आणि ढिगाची वाटणी करायला बसते. ही दुर्वा. ही नाही. ही तर गवतच नाही. ही दुर्वा. पोरं आधी रुसतात, मग हळूहळू त्यांनाही त्यात मजा वाटायला लागते, आणि मग "ह्याला नापास का केलं ते सांगा" असा वाद सुरू होतो. वाद घालणारी पोरं मला फार आवडतात. चला, तर वाद घालूच.

आधी मला सांगा, सगळी गवतं इतकी सारखी का दिसतात? जास्वंद आणि मोगरा यांत कोणी घोटाळा करत नाही. कारण त्यांना फुलपाखरांना, मधमाश्यांना बोलवायचं असतं. मग रंग आला, वास आला, मोठ्या पाकळ्या आल्या. गवताला कोणाला बोलवायचंच नाही. त्याचे परागकण वारा वाहून नेतो, आणि वाऱ्याला ना डोळे ना नाक. मग पाकळ्यांवर खर्च कशाला करायचा? म्हणून गवताने पाकळ्या टाकून दिल्या. फूल उरलं ते दोनतीन मिलिमीटरचं, हिरव्या किंवा तपकिरी खवल्यांत मिटलेलं. हो, गवताला फूल असतं! दर पावसाळ्यात तुम्ही हजारो फुलं तुडवत शाळेत गेला आहात. जगात गवताच्या अकरा हजारांहून जास्त जाती आहेत आणि प्रत्येकीची ओळख त्या इवल्याशा खवल्यांत लपलेली आहे. हिरव्या पानाकडे बघून ओळखू म्हणाल तर तोतया हसत हसत निसटणार.

पहिली चाचणी बोटांची. काडी अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये धरून फिरवा. कडा लागल्या, मोजून तीन, तर तुम्ही लव्हाळा धरलाय. तुकोबांच्या अभंगात महापुरात वाचतो ना, तोच. नागरमोथा हा त्याच्यातलाच. लव्हाळे दिसायला गवत, पण कूळ निराळं: फुलोऱ्याची काडी बहुतेकदा तिकोनी, आतून भरीव, मध्ये पेरं नाहीत, आणि पाने तीन दिशांना. खऱ्या गवताची काडी बहुधा गोल असते, तिला पेरं असतात आणि दोन पेरांमधलं कांडं पुष्कळदा पोकळ. पाने दोनच दिशांना, एक इकडे, एक तिकडे. सीबच्या वाळूत लव्हाळ्याचे ताठ झुबके जागोजागी दिसतात आणि नव्या माणसाला ते गवतच वाटतात. पोरांच्या ढिगातले निम्मे उमेदवार ह्या पहिल्याच फेरीत बाद होतात.

आता खरी दुर्वा. तिची फुलोऱ्याची काडी सापडली तर नशीब काढलंत. बारीक, उभी काडी, आणि तिच्या टोकाला एकाच बिंदूतून निघालेल्या तीन ते सहा तुऱ्या. कापड उडून गेलेल्या छत्रीच्या काड्या उघडाव्यात, तशा. प्रत्येक तुरी दोन ते पाच सेंटिमीटर लांब. आता भिंग घ्या आणि तुरी उलटी करा. खालच्या बाजूला दोन रांगांत चपटे दाणे चिकटून बसलेले दिसतील. त्यांना कणिशकं म्हणतात. एकेक कणिशक दोन मिलिमीटरच्या आसपास, त्यात एकच फूल, आणि कुसळ अजिबात नाही. सकाळी लवकर, शाळेची गाडी यायच्या आधी बघितलंत, तर त्या खवल्यांतून बाहेर डोकावणारे जांभळे, पिसांसारखे धागे दिसतील. ते फुलाचे स्त्रीकेसर. वाऱ्यावरून येणारे परागकण अडकवायला त्यांनी आपली पिसं पसरलेली असतात. एवढीशी जांभळी नक्षी आणि आपण तिला "गवत उगवलंय, उपटून टाक" म्हणतो!

पण ह्याच छत्रीचे तीन तोतये माबेल्यातच आहेत.

पहिल्याचं शास्त्रीय नाव डॅक्टिलोक्टेनियम इजिप्टियम. (जीभ अडखळली? माझीही अडखळते. हिंदीत त्याला मकडा म्हणतात, आपणही तेच म्हणू.) ह्याच्याही तुऱ्या एकाच बिंदूतून निघतात, पण त्या आखूड आणि जाड. बऱ्याचदा चारच असतात आणि वरून बघितलं की अधिकचं चिन्ह दिसतं. पक्की खूण मात्र टोकाला आहे. तुरीचा कणा कणिशकांच्या पुढे थोडासा उघडाच बाहेर येतो, बारीक टोकदार. दुर्वेची तुरी शेवटपर्यंत कणिशकांनी भरलेली. भिंगाशिवायही हे दिसतं, एकदा बघायची जागा कळली की झालं.

दुसरा तोतया तुमच्या स्वयंपाकघरातला नातेवाईक आहे. एल्युसिनी इंडिका, म्हणजे रानटी नाचणी म्हणा ना! आपली नाचणी एल्युसिनी कोराकाना, ही तिची सख्खी बहीण. बागेला पाणी देतात तिथे, पायवाटेच्या फटीत, ही हमखास सापडते. तिचं बूड बघा: खोड चपटं आणि बुंध्याशी पांढरट. दुर्वा जमिनीवर सरपटत जाते आणि पेरापेराला मुळं धरते. ही एका जागी ठाण मांडून बसते. आणि एकेका कणिशकात तिची बरीच फुलं असतात, दुर्वेच्या कणिशकात एकच. तिचा दाणा चोळून काढला तर वर सुरकुत्या दिसतात. आजीला विचारा, नाचणी निवडून निवडून तिची नजर तयार असते.

तिसरा तोतया आकारानेच फसतो. कमरेइतका उंच, तुऱ्या दहाबारा किंवा त्याहून जास्त, प्रत्येक कणिशकाला केसासारखी बारीक कुसळं. हे ऱ्होड्स गवत, मूळचं आफ्रिकेचं. ओमानच्या बाटिना किनारपट्टीवर गुरांच्या चाऱ्यासाठी त्याची शेती होते. त्याच्या पेंढ्या भरलेल्या पिकअप रस्त्याने जाताना तुम्ही पाहिल्या असतील. शेतातून निसटून ते रस्त्याकडेला येतं. आता बघा हं, हे गवत दुर्वेच्या बऱ्यापैकी जवळच्या नात्यातलं आहे, पण कोणी त्याला दुर्वा म्हणणार नाही. आणि ज्याचा आता पुढे हमखास घोटाळा होणार आहे, ते दुर्वेसारखं दिसूनही तिच्या इतकं जवळचं नाही. दिसणं आणि नातं यांचा फारसा मेळ नसतो.

घोटाळा होणारं हे गवत बघायचं तर सीबच्या किनाऱ्याकडे चला. खारट, पांढुरक्या जमिनीवर दुर्वेसारखंच काहीतरी सरपटत गेलेलं दिसेल. तशाच लांब धावत्या काड्या, तशीच पेरापेराला मुळं, तशीच छोटी पानं दोन बाजूंना. "मिळाल्या दुर्वा!" म्हणत कोणीतरी मूठ घालतं आणि "आई गं!" म्हणून हात मागे घेतं. पानांची टोकं टोचतात! हे एल्युरोपस लॅगोपॉइडिस. दुर्वेची पानं मऊ, वाकणारी. ह्याची आखूड, ताठ आणि निळसर राखाडी. फुलोरा तर अगदीच वेगळा. छत्री नाहीच, टोकाला केसाळ, गोलसर बोंडूक.

आता जवळ जाऊन एक पान भिंगाखाली धरा. पानावर बारीक चमचमणारे कण दिसतील. ती धूळ नाही, मीठ आहे. समुद्राकाठच्या ह्या पट्ट्यात जमिनीतलं पाणी खारं असतं. त्यात बाटिन्यातल्या विहिरींतून इतका उपसा झाला की पुष्कळ ठिकाणी समुद्राचं पाणी जमिनीखालून आत शिरलं. बाकीची झाडं असल्या पाण्याने मान टाकतात. हे गवत मात्र खारं पाणी पितं, आणि नको असलेलं मीठ पानांवरच्या सूक्ष्म ग्रंथींतून बाहेर ढकलतं. पाणी उडून जातं, मिठाचे कण पानावर उरतात. चाखून बघू का, असं मनात आलंय ना? नको. रस्त्याकडेच्या पानावर मिठाबरोबर आणखी काय काय असतं देव जाणे.

फुलोरा नसेल तेव्हा काय करायचं, हा प्रश्न सगळ्यात हुशार पोरगी विचारते. तेव्हा पानाचा सांधा बघायचा. गवताचं पान दोन भागांत असतं: खालचा भाग खोडाला गुंडाळलेला, वरचा भाग मोकळं पातं. दोन्ही जोडले जातात तिथे पातं हलकेच मागे वाकवा. आतल्या बाजूला एक पट्टी किंवा केसांची झालर दिसेल. तिचं नाव जिव्हिका. काही गवतांत ती पातळ पापुद्र्याची असते, काहींत केसांची, काहींत नुसती रेघ. दुर्वेत आखूड केसांची रांग आणि दोन्ही टोकांना थोडे लांब केस. इथल्या बऱ्याच बागांमध्ये पास्पालम नावाचं हिरवळीचं गवत लावतात, कारण ते बरंचसं खारं पाणी सहन करतं. त्याच्या जिव्हिकेत पापुद्रा असतो. आणि फुललं तर टोकाला बहुधा दोनच तुऱ्या, इंग्रजी व्ही अक्षराच्या आकारात. म्हणजे बागेतल्या लुसलुशीत हिरवळीवरून आणलेल्या जुड्या दिसायला कितीही सुंदर असल्या तरी आमच्या वर्तमानपत्रावर नापास. (गणपती बाप्पा चालवून घेत असेल, मी घेत नाही.)

जाता जाता एक गंमत. माबेल्याच्या बाहेर माळावर जे घाफचं झाड दिसतं, ओमानमध्ये ज्याच्या सावलीत उंट बसतात, ती आपली शमी. दसऱ्याच्या गोष्टीतली. तिची ओळख अवघड नाही, म्हणून तिला सोडून पुढे जाऊ.

पाऊस पडून पंधरावीस दिवस झाले की वादीच्या काठी आणि माळावर उंच झुबके फुलतात. लांबट, केसाळ कणसं, काही पांढरट, काही जांभळी, वाऱ्यावर डोलणारी. ते अंजन. अंजनाचं झाड नव्हे हं, अंजन गवत. शास्त्रीय नाव सेंक्रस सिलिॲरिस. शेजारच्या अमिरातीत त्याला लबीद म्हणतात. राजस्थानात त्याच्यावर गाईगुरं जगतात, आणि नगर-सोलापूरकडच्या कोरड्या कुरणांतही ते लावतात. आफ्रिकेपासून अरबस्तानातून थेट भारतापर्यंत हे गवत आपलं आपण पसरलेलं आहे. म्हणजे माबेल्यातलं अंजन आणि सोलापूरचं अंजन एकाच जातीचं, व्हिसा कोणालाच लागला नाही.

एक गोष्ट सांगितली तर तुम्ही भाकरीकडे वेगळ्या नजरेने बघाल. बाजरीला बरेच शास्त्रज्ञ आता ह्याच सेंक्रस वंशात घालतात. पूर्वी ती पेनिसेटम वंशात होती. 2010 च्या सुमारास दोन्ही वंश एकत्र करायला हवेत असं डीएनएच्या अभ्यासातून दिसलं. अंजनाचं कणीस हातात घेऊन बघा. बारीक, केसाळ, पण घडण बाजरीचीच.

आता ह्या अंजनाच्याही बहिणी आहेत, आणि त्या एकमेकींच्या शेजारी उभ्या राहून आपल्याला फसवतात. इथे मला खरं सांगायचं तर घाई करवत नाही. कणसातला एकच गोंडा चिमटीत ओढून काढा. तो अखंड निघतो: मध्ये एकदोन कणिशकं आणि भोवती राठ केसांचं कुंपण. पांढऱ्या कागदावर ठेवा, भिंग धरा, आणि सुईने ते केस बुडापाशी फाकवून बघा. केस लांब, नागमोडी, कणिशकाच्या बरेच वर गेलेले, खालच्या भागात त्या केसांनाही बारीक लव, आणि बुडाशी जेमतेम जोडलेले: हे अंजन. केस बुडाशी दोनेक मिलिमीटर उंचीपर्यंत एकमेकांना जोडून छोटी वाटी झालेली, पण वर लव आहेच: ही सेंक्रस पेनिसेटिफॉर्मिस, इथल्या माळावरची दुसरी बहीण. केस आखूड, रुंद, ताठ, लव नावालाही नाही, आणि कणिशकापेक्षा फारसे उंच नाहीत: हा मोडा धामण, सेंक्रस सेटिजेरस. त्याच्या कणसावरून बोट फिरवलं तर खरखरीत लागतं, टोचत मात्र नाही.

आणि जर ते बोटाला चिकटलं, सुटता सुटेना, वर मोज्यातही घुसलं, तर ती चौथी बहीण, सेंक्रस बायफ्लोरस. राजस्थानात भुरट म्हणतात ती हीच. तिच्या काट्यांवर मागच्या दिशेने वळलेले सूक्ष्म दाते असतात. आत जायला वाट मोकळी, बाहेर यायला बंद. तुमच्या मोज्यातून ती पुढच्या गल्लीत जाते आणि तुम्ही वैतागून जिथे उपटून फेकाल तिथे उगवते. फुकटचा प्रवास!

अंजनाने मात्र शास्त्रज्ञांनाही पुरतं जेरीस आणलंय. एक झुबका गुडघ्याएवढा, दुसरा छातीएवढा. एकाचं कणीस जांभळं, दुसऱ्याचं पांढरट. वाटतं, ह्या दोन जाती असणार. पण गोंडा फोडून बघितला की खूण तीच. असं का? कारण अंजनाच्या बऱ्याचशा झाडांत पुढच्या पिढीला बाप लागतच नाही. बीमधला गर्भ तयार होतो तो एकट्या आईचा, आणि त्यातून उगवणारं रोप आईची हुबेहूब नक्कल. जांभळ्या कणसाच्या आईची सगळी मुलं जांभळी, नाती जांभळ्या, पणत्या जांभळ्या. मग वादीच्या एका वळणावर अख्खं जांभळं घराणं आणि पुढच्या वळणावर अख्खं पांढरं. रंग आणि उंची पाहून जाती मोजायला निघालात तर संध्याकाळपर्यंत पन्नास होतील.

हेच अंजन ऑस्ट्रेलियात कसं पोचलं, ते तर ऐकाच. एकोणिसाव्या शतकात तिथल्या वाळवंटातून सामान न्यायला आपल्या बाजूचे उंट आणि उंटवाले नेले होते. तिकडे त्या सगळ्यांना अफगाणच म्हणत, मग कोणी बलुचिस्तानचा असो की राजस्थानचा. उंटांच्या खोगिरांत गवत भरलेलं असे आणि 1870 नंतर त्या भरावातूनच अंजनाचं बी तिथे सांडलं, असं मानतात. अक्षरशः खोगीरभरती! पुढे लोकांनी चाऱ्यासाठी आणि धूळ बसावी म्हणून ते मुद्दाम पेरलंसुद्धा. आता तिथल्या वाळवंटात ते इतकं माजलंय की त्याला लागलेली आग तिथली मूळची झाडंझुडपं जाळून टाकते, आणि आगीनंतर पुन्हा पहिलं उगवतं कोण, तर अंजनच. दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्याने 2015 साली त्याला अधिकृतपणे तण ठरवलं. माबेल्यात मात्र ते घरचं आहे. इथे ते जमीन धरून ठेवतं, बकऱ्यांचं पोट भरतं, आणि कमी पावसामुळे माजायची त्याला संधीही मिळत नाही. त्यामुळे इंटरनेटवर "हे वाईट गवत आहे" असं वाचलंत तर आधी बघा, लिहिणारा कुठे राहतो.

हे सगळं कोणी शोधून, मांडून ठेवलं? पुष्कळ माणसांनी, पण त्यातल्या दोघांची नावं मराठी मुलांना माहीत असायलाच हवीत. एक एथेलबर्ट ब्लॅटर. जन्माने स्विस, जेझुइट पाद्री, 1903 मध्ये मुंबईला आले आणि सेंट झेवियर्स कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवू लागले. त्या कॉलेजातल्या वनस्पतिसंग्रहालयाला आज त्यांचंच नाव आहे. ह्या गृहस्थांनी एकीकडे मुंबई इलाख्यातली गवतं अभ्यासली आणि दुसरीकडे अरबस्तानच्या वनस्पतींवर फ्लोरा अरेबिका नावाचा भला मोठा ग्रंथ लिहिला. म्हणजे सह्याद्री आणि हजर, दोन्हीकडची झाडं मुंबईतल्या एकाच टेबलावर! चार्ल्स मॅककॅन यांच्याबरोबर लिहिलेलं त्यांचं मुंबईच्या गवतांवरचं पुस्तक 1935 साली छापून आलं. तेव्हा ब्लॅटर हयात नव्हते. आदल्याच वर्षी पुण्यात त्यांचं निधन झालं होतं.

दुसरे आर. के. भिडे. त्यांचीही उभी हयात वनस्पतींच्या अभ्यासात गेली. त्यांच्या सन्मानासाठी पश्चिम घाटातल्या गवतांच्या एका अख्ख्या वंशाला नाव दिलं गेलं, भिडेया. विचार करा, डॅक्टिलोक्टेनियम म्हणताना जीभ अडखळणाऱ्या आपल्याला शास्त्रीय नावांच्या यादीत अचानक एक भिडे भेटतात!

ह्या मंडळींची पद्धत तुम्हाला आजही करता येईल. मुळासकट, फुलोऱ्यासकट एक काडी घ्यायची, जुन्या वर्तमानपत्रात सपाट पसरायची, वर जाड पुस्तकं ठेवायची, कागद रोज बदलायचा. आणि चिठ्ठी लिहायची: तारीख, जागा, जमीन कशी होती, पाणी कुठून येत होतं, ताजेपणी रंग कोणता होता. चिठ्ठीशिवाय वाळलेलं गवत म्हणजे नुसता चारा. एसीच्या पाण्याखाली मिळालं की खाऱ्या वाळूत, ह्या एका ओळीवर ओळख पटू शकते. संरक्षित बागेतलं काही तोडायचं नाही, दगडाखाली हात घालायचा नाही (विंचू असतात), आणि उन्हाळ्यात नऊच्या आत घरी, हे तीन नियम आमच्या बिल्डिंगमध्ये पाळावेच लागतात.

आता शेवटची जोडी. ही माबेल्यातली नाही, खानदेशातली आहे. आणि हिच्यापुढे भिंग हात टेकतं.

पाते चुरगळून वास घ्यायची गवतं तुम्हाला ठाऊक आहेत. गवती चहा घरोघरी असतो. त्याचेच भाऊबंद ओमानच्या डोंगरांत आणि वाद्यांत रानटी वाढतात. पातं चोळलं की वासावरून लगेच कळतं. खानदेशच्या डोंगरांवर ह्याच घराण्यातलं रोशा गवत आहे. त्याचे दोन प्रकार, मोतिया आणि सोफिया. कणीस तसंच, कणिशकं तशीच, कुसळं तशीच. शास्त्रज्ञांनीही त्यांना एकाच जातीत ठेवलंय. पण मोतियाच्या तेलाला गुलाबाच्या जवळ जाणारा वास येतो, कारण त्यात जिरॅनिऑल नावाचं द्रव्य भरपूर असतं. गुलाबाच्या अत्तरातही तेच असतं. सोफियाच्या तेलात ते कमी, वास उग्र आणि भाव उतरलेला. मोतिया बहुधा कोरड्या, मोकळ्या उतारावर, सोफिया ओलसर, सखल जागी. कापणारा माणूस आधी उतार बघतो आणि मग पातं चोळून नाकाशी नेतो. भट्टीत चुकून सोफियाचे भारे गेले की सगळ्या तेलाचा भाव घसरलाच.

हे मोतियाचं तेल मुंबई बंदरातून निघून, अरबी समुद्रातून तांबड्या समुद्रातल्या बंदरांत आणि तिथून तुर्कस्तानात जायचं. तिथे आणि बल्गेरियात ते गुलाबाच्या महागड्या अत्तरात गुपचूप मिसळलं जायचं, आणि कितीतरी गिऱ्हाइकं गुलाब समजून खानदेशचं गवत मनगटाला लावून फिरत. त्यांतल्या एकानेही सोफियाचं नाव ऐकलेलं नसणार; खानदेशातल्या कापणाऱ्याला मात्र डोळे मिटून दोन्ही ओळखता येत होती.